सरांची छत्री

खेडेकर सर गेल्याचा त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, फोन आला, तेव्हा मी प्रश्नोत्तरांच्या आमच्या संकेतस्थळावर त्यांच्याच एका उत्तराखालचं भांडण मिटवत होते... महिना झाला, हात अजून सवयीनं त्यांचं उत्तर शोधतो.

संकेतस्थळ नवं होतं तेव्हा रत्नागिरीचे आम्ही दोघंच. ते निवृत्त विज्ञान शिक्षक, मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. सरांच्या प्रत्येक उत्तराखाली तीनपैकी एक शेरा असे : पाहिलेलं, ऐकलेलं, किंवा माहीत नाही. आम्ही हसायचो, मग आम्हालाही ती खोड लागली. एकदा देवरूखकडच्या एका बाईंनी रानातल्या अळंबीचा फोटो टाकून विचारलं, खाऊ का? मी शेरा न देता लिहून टाकलं, ‘हळद घालून उकळा, काळी पडली नाहीत तर बिनधास्त खा.’ आजीकडून ऐकलेलं. पसंतीचे अंगठे धडाधड आले आणि मी फुशारले.

सर दारात आले, छत्री घेऊन. बाईंचा नंबर नव्हता, नाव आणि गाव तेवढं होतं. म्हणाले, “हळदीनं विष कळत नाही. जिनं लिहिलं तिनं यायचं. चल.” आम्ही देवरूखची एसटी पकडली. पोचलो तर पडवीत अळंबी टोपलीखाली झाकलेली. बाई म्हणाल्या, “सर, तुमी काय बोललाव नाय, मग कशी शिजवू?” सर पायरीवर मटकन बसले. मी रडले. ते मला कधीच रागावले नाहीत, याचंच जास्त वाईट वाटतं.

आता तिथे गर्दी आहे. यंत्राकडून लिहून घेतलेली गुळगुळीत उत्तरं येतात, शेरा कुणी देत नाही. आज सकाळी पूर्णगडच्या एका बाईंनी अळंबीचा फोटो टाकला. तिघांनी ‘खा’ म्हटलं. मी लिहिलं, ‘माहीत नाही. खाऊ नका.’ त्यांनी विचारलं, ‘खेडेकर सर काय म्हणतात?’ सर गेल्याचं कळवलं... पुढे काहीच आलं नाही. तासभर वाट पाहिली आणि काकूंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दाराआडची छत्री काढून दिली. म्हणाल्या, “दहाची गाडी मिळेल तुला.”

हे शेवटचं गाडीतच लिहिते आहे. छत्री मांडीवर आहे, आणि फोनवर अजून उत्तर नाही.