केळीच्या सालीवरचे सहा टाके

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यालाही सांगितली नाही — आणि त्याला तर मी बाकी सगळं सांगते, नको तेही.

कोरोनात मेडिकलचं होस्टेल रिकामं केलं आणि मी मूर्तिजापूरजवळ आमच्या गावी आले. घरची फुलशेती. बाजार बंद, झेंडू वावरातच वाळून चाललेला. आणि माझी सर्जरी — हसू नका — फोनवर चालू! सर अमरावतीहून टाके घालून दाखवायचे, आम्ही घरी केळीच्या सालीवर घालायचो. फोन टेकवायला धड जागा नव्हती, म्हणून आई तो धरून माझ्या बाजूला बसायची. दीड महिना बसली. बघता बघता शिकली, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग मार्कांसाठी सरांना टाक्यांचा व्हिडिओ पाठवायचा होता. सहा टाके, फक्त हात दिसले तरी चालेल. माझी साल दर वेळी फाटायची. शेवटी मी चिमटा फेकला आणि रडायला बसले. आई म्हणाली, "आण इकडं. लय आवळून राहिली तू."

तिनं माझे हातमोजे चढवले, भेगाळलेली बोटं झाकली गेली. फोन मी धरला. सहाही टाके सारख्या अंतरावर, साल कुठं चुरगळलीसुद्धा नाही. व्हिडिओ मी माझ्या नावानं पाठवला.

तुम्ही म्हणाल, एवढंच? नाही हो — एवढंच असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो सगळ्या वर्गाला दाखवला. म्हणाले, अशी गाठ यायला मला दोन वर्षं लागली. माझ्या कानात इअरफोन होते. आई फोन धरून माझ्या तोंडाकडं बघत होती. क्लास संपल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणे सर?"

आणि मी — काहून, देव जाणे... छे, देवाला कशाला मध्ये आणू? मला ठाऊक आहे. जळले मी. सख्ख्या आईवर जळले. म्हटलं, "गाठ सैल आहे म्हणाले."

तिचं तोंड एवढंसं झालं. "माह्यानं तुहे मार्क गेले का वं?"

मी नाही म्हटलं नाही. पुढं आठवडाभर ती चुलीपाशी बसून सालींवर गाठी मारत होती. पुन्हा कधी मला गरज पडली तर आपली गाठ सैल नको, म्हणून! मी ते बघायचे आणि आत जाऊन पुस्तक उघडायचे.

आता मी अकोल्याला सर्जरीची रेसिडेंट आहे. मागच्या महिन्यात विळ्यानं आईचा तळहात कापला, भाऊ तिला माझ्याकडेच घेऊन आला. चार टाके मीच घातले. हात सुन्न केलेला, त्यामुळं ती वाकून सगळं मन लावून बघत होती. शेवटची गाठ बसली तशी मान हलवून म्हणाली, "हे पाह्य, गाठ अशी पायजे. माही तं सैलच पडली होती, बापा."

तिचा हात माझ्या हातात होता. सांगायला तेवढा वेळ पुरला असता. मी दोरा कापला आणि पट्टी बांधली.