सोयरीक जिथवर, कणगी तिथवर

खैरपाड्याचा लडकू वेखंडे भांडणात कधी हरला नाही. बायकोशी हरायचा, पण ते हरणंही तो असं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, राहीनंच याचं ऐकलं. काळा, लांबोडका, मिशा अशा की बोलताना आधी मिशा हलायच्या आणि मागाहून शब्द यायचा. शेती पोटापुरती होती. मत मात्र तालुक्याला पुरेल एवढं.

खैरपाडा शहापूर तालुक्यातला, पण पार कडेचा. शेवटच्या शेताचा बांध ओलांडला की मुरबाड तालुका. सरकारनं ही हद्द कागदावर आखली खरी. ताप, डास आणि लग्न जुळवणाऱ्या बाया यांना ती कुणी कळवली नव्हती. गावातल्या निम्म्या सुना मुरबाडकडच्या आणि निम्म्या लेकी तिकडेच दिलेल्या.

त्या वेळी आमच्याकडे हिवताप पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच लवकर जायचा नाही. एका वर्षी तापानं गावात दोन-तीन चुली थंड केल्या, तेव्हा लडकूनं एक गोष्ट सुरू केली. तिचं श्रेय मात्र त्याला द्यायलाच हवं, नाहीतर तो वरून खाली येऊन भांडेल. खळ्यावर भात झोडून झालं की रास मोजायच्या आधी एक टोपली बाजूला काढायची. तिला म्हणायचं दुखण्याची टोपली. सगळ्यांच्या टोपल्या लडकूच्या ओटीवरच्या मोठ्या कणगीत पडायच्या. कणगी बांबूची, शेणानं लिंपलेली, लडकूपेक्षा थोडी जाड. कुणी आजारी पडलं की त्यातलं भात विकून शहापूरच्या डॉक्टरला द्यायचं, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या आणायच्या. आजाऱ्याला चालवत नसेल तर डोली करायची आणि घरटी एक माणूस दांड्याला लागायचा.

धर्मा हा गावातला पैलवान, शेजारच्या जनाचा नवरा. त्यानं एकदा विचारलं, "लडकूदा, मी तर कधी आजारी पडत नाय. माझी टोपली फुकट गेली का रे?"

"नाय पडलास ना? मग हेच तुझं व्याज. गप बस."

आजारी कोण आणि सोंगाडा कोण, हे लडकू जीभ बघून ठरवायचा. रंगू म्हणून एक होता, त्याची पाठ दर वर्षी लावणीलाच धरायची. लडकूनं त्याची जीभ पाहिली आणि म्हणाला, "पाठ बरी आहे. जीभच लांब झालीय." रंगू त्याच दिवशी चिखलात उतरला.

तर असं सगळं बेस चाललं होतं, आणि अडतीस साली शहापूरच्या वाण्याचा कमळाकर वर्तमानपत्र काखेत मारून आमच्याकडे आला. पोरगा शिकलेला, गोरागोमटा, बोलताना डोळे मिटायचा. मुंबईला तेव्हा आपल्या माणसांचं मंत्रिमंडळ बसलं होतं आणि दिल्लीला साहेब होताच. गरिबाच्या औषधपाण्याचं मुंबईनं बघावं की दिल्लीनं, यावर शहरात शहाण्यांची जुंपली आहे, असं त्यानं लडकूच्या ओटीवर बसून सांगितलं.

"त्यांचं ठरेपर्यंत आमी मरायचं काय?" लडकूनं विचारलं.

"तेच म्हणतो मी! तुम्ही गावात केलंत ते दोन्ही तालुक्यांनी मिळून करू. शहापूर आणि मुरबाड. सगळ्या गावांचं भात एका कोठारात. कुठल्याही गावचा आजारी असो, त्यातून खर्च."

लडकूच्या मिशा हलल्या. "आमचा ताप आमचा. आमचं भात आमचं. तुमच्या कोठारात बसलेला कारकून रंगूची जीभ बघणार काय? त्याला रंगू कोण, हे तरी म्हाईत का? आणि खालची पाणथळ गावं, बारा महिने हिवानं हलतात. ती वर्षभर खाणार आणि आमी भरत राहणार. सोंगाड्या ओळखायचा तर गावच पायजे."

खोटं नव्हतं त्याचं. कमळाकर डोळे मिटून बसला. पण आतून सूप पाखडायचा आवाज थांबला. राही उंबऱ्यात आली आणि लेकीच्या नावानं नवऱ्याला हाक मारली.

"अवो कमळचे बा, ताप येतो तो एका घरात येतो काय? येतो तेव्हा अख्ख्या पाड्यात येतो. गेल्या साली कणगीचा तळ दिसला तेव्हा कोणाचं तोंड सुकलं होतं? तेव्हा हद्दीपलीकडं देवळोलीत एक माणूस आजारी नव्हता. त्यांचं भात घुशी खात होत्या."

"तू पाखड गो."

"पाखडतेच आहे. भुसा बाहेर उडतोय, बघा."

ओटीवर हशा पिकला. नवऱ्याचं नाव न घेता नवऱ्याला भाजून काढावं ते राहीनं. पण लडकू इरेला पेटला. गाव जमवलं आणि नियम पक्का करून टाकला: ज्या गावचं माणूस, त्या गावची कणगी. जनाची लेक नुकतीच मुरबाडकडून माहेरी आलेली, तापानं फणफणत होती. जनानं विचारलं, "मग माझ्या पोरीचं काय, लडकूदा?"

लडकू म्हणाला, "दिलेली लेक पाहुणी. पाहुणीचं दुखणं सासरच्या गावाचं."

"तिच्या सासरी कणगी नाय."

"नाय तर त्यांनी करावी."

जना नवऱ्याच्या कानात काहीतरी म्हणाली आणि त्यानं घरचं भात विकलं आणि पोरीला पाठुंगळी घेऊन शहापूरला नेलं. पोरगी बरी झाली. जनानं लडकूच्या घरचं ताक न्यायचं बंद केलं.

आता जगातल्या सगळ्या शहाण्यांना ठाऊक असलेली गोष्ट लडकू विसरला होता. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आणि लडकूची एकुलती एक लेक कमळ देवळोलीला दिलेली, मुरबाड तालुक्यात.

माघात कमळ भरल्या पोटानं माहेरी आली. लडकूनं कौतुकानं नवं बाजलं विणलं. एके दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. सुईण धोंडूबाई, जिच्या हातावर निम्मा पाडा जन्मला, ती बाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, "पोर आडवं आहे. माझ्या हातचं नाय. शहापूरला न्या, उन्हं चढायच्या आत निघा."

लडकू ओटीवर उभा. शेजारी कणगी. डोली बांधायची तर गाव हवं, आणि नियम त्यानंच केलेला. मागायला तोंड उघडलं, मिशा हलल्या, शब्द काही आला नाही. शेवटी म्हणाला, "मी आणि हिची आई नेतो. दोघं पुरे."

"नदी कोण ओलांडणार? तुमच्या मिशा?" राही म्हणाली. तिनं विळा घेतला, कणगीच्या खालच्या तोंडाचं लिंपण फोडलं आणि भाताची धार टोपलीत सुरू केली. "नियम तुमचा आहे. लेक माझी आहे."

तोवर धर्मा दांडा घेऊन अंगणात आला होता. मागोमाग रंगू, पाठीसकट. कुणी बोलावलं नव्हतं. जनानं चादर आणून डोलीला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि कमळला धरून आत बसवलं.

डोली निघाली. दांड्याच्या पुढच्या टोकाला लडकू, मागच्या टोकाला धर्मा. आता दांडा खांद्यावर असताना माणूस उठून जाऊ शकत नाही आणि मोठ्यानं ओरडूही शकत नाही, दम लागतो. असा दांड्याला बांधलेला लडकू गावाला पुन्हा कधी मिळणार? सगळे तुटून पडले.

"लडकूदा, ही पाहुणी बरीच जड आहे रे," मागून धर्मा म्हणाला.

"देवळोलीची माणसं दिसत नायत कुठं," रंगू म्हणाला. "त्यांच्या गावचं दुखणं ना हे?"

"जीभ बघितली का पोरीची? सोंग करत असेल," आणखी कुणी म्हणालं.

लडकू घामानं निथळत होता. "हसा. हसा. मी गावासाठीच केला ना नियम?"

"गावासाठीच रे. गावाची लेक तेवढी विसरलास," धर्मा म्हणाला.

आतून कमळ किंचाळली, "अरे मेल्यांनो, भांडण मागाहून करा! आधी चाला! बा, तू पण!"

मग सगळ्यांनी पाय उचलले. भातसा नदीच्या पात्रात पाणी मांडीभर होतं, गोटे निसरडे. मध्यावर लडकूचा पाय घसरला, दांडा कलला आणि कमळचा आवाज एकदम बंद झाला. तो बंद झालेला आवाज लडकूनं आयुष्यभर सांगितला नाही, पण धर्मा सांगायचा: "लडकूदा पाण्यात गुडघ्यावर बसला, पण दांडा खांद्यावरून सोडला नाय. तसाच उठला." कमळनं दात ओठात रोवले होते, एवढंच. पलीकडे सापगावचे दोघं शेतात होते, ते धावले. त्यातल्या एकानं लडकूच्या खांद्याखालून दांडा काढून घेतला. लडकू म्हणाला, "अरे, तुमच्या गावचं नाय हे." तो म्हणाला, "पोर कोणाचं आहे ते बाहेर आल्यावर विचारू." आणि पुढे निघाला.

दवाखान्यात डॉक्टर आणि त्यांची नर्स आत गेली. बाहेर सगळे उकिडवे बसले. लडकू भिंतीकडे तोंड करून. दुपार उलटली तेव्हा आतून पोराचं रडणं आलं, आणि त्यामागून कमळचं, शिव्यांसकट. लेक जिवंत असल्याची त्याहून चांगली खूण नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. बाईंचं गाव कुठलं? खैरपाड्याचं असेल तर फी तुमच्या कणगीत धरतो. देवळोलीचं असेल तर..."

सगळे लडकूकडे पाहू लागले. रंगू तर नीट दिसावं म्हणून उठून उभा राहिला.

लडकूनं गळा साफ केला. "दोन्हीकडची," तो म्हणाला. "खैरपाड्यात जन्मली, देवळोलीत नांदते. आणि जनाची पोर पण दोन्हीकडची. धर्मा, तुझं भात परत घे माझ्याकडून."

"भात नको," धर्मा म्हणाला. "जनाला ताक पाठव."

गावात परत येईपर्यंत लडकूचं सगळं नवं मत तयार झालं होतं आणि ते जुन्यापेक्षा तगडं होतं. डोली गावाची, जीभ बघायची ती गावानं. पण भात दोन्ही तालुक्यांचं एक. "कमळाकरला हेच तर सांगत होतो मी," तो म्हणाला. राही पाखडत होती. ती काही बोलली नाही, म्हणजे तिनं किती पुण्य जोडलं ते बघा.

पुढच्या सुगीत कमळाकराला घेऊन लडकू स्वतः देवळोलीला गेला. व्याही अनंता हरड हा तिथला मानाचा माणूस, आवाज ढोलासारखा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मांडी घालत म्हणाला, "हे बघा याही, आमचं भात आमचं. तुमचा ताप तुमचा."

कमळाकरानं डोळे मिटले. लडकू मात्र खूश झाला; असा सोपा सामना त्याला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

"बेस बोललात. तुमची थोरली लेक कुठं दिली, याही?"

"उंबरमाळीकडं. तुमच्या शहापुरात."

"नांदते ना बरी? दिवस गेलेत म्हणे?"

अनंताचा ढोल वाजायचा थांबला. आत भांडी घासायचं थांबलं. मग विहीणबाई पदर खोचत बाहेर आली, नवऱ्याकडे न बघता खळ्यावर गेली आणि राशीतली पहिली टोपली भरून लडकूच्या पायाशी आणून ठेवली.

"घ्या दादा," ती म्हणाली. "आमचे हे संध्याकाळपर्यंत भांडतील. तोवर गाडी भरून घ्या."