अक्षर माझं, अंगठा तिचा

कौतिका गेल्याचं तिच्या मुलीने, सरिताने, मला फोनवर सांगितलं. सकाळचे नऊ वाजले असतील. गोंदियाजवळ मुर्रीला मुलाच्या घरी ओट्यावर मी दाढी करत बसलो होतो. "गुरुजी, माय गेली जी. चार दिवसांपासून ताप होता..." मग म्हणाली, "माती बारा वाजता हाय. तुमी येत असान तं या." येत असाल तर. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण येतो-येतो म्हणून मी त्या घरी किती वेळा गेलो नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. अर्धी दाढी तशीच ठेवून मी तोंड पुसलं आणि देवरीची बस धरली. पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. माणसं परतत होती. कोणी मला काही विचारलं नाही.

याला आता सहा आठवडे झाले. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. कौतिकेबद्दल गावात आणि कोर्टाच्या कागदात एक गोष्ट चुकीची नोंदली गेली आहे, आणि ती माझ्यामुळे नोंदली गेली आहे. ती दुरुस्त करावी म्हणून लिहायला बसलो.

देवरीच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या त्या गावात मी बावीस वर्षं शाळा चालवली. कौतिकेचा नवरा सुकराम माझ्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. कौतिका त्याची बायको म्हणून गावात आली. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, पण मला घाबरत नसे. मोहफुलं वेचायच्या दिवसांत सरिताची गैरहजेरी लागायची. एकदा मी घरी जाऊन रागावलो, तर टोपलीतली फुलं निवडत तिने मान वर न करता सांगितलं, "मोहफूल शाळेच्या घंटीची वाट पाहत नाई जी. तुमीच चला टोपली घेऊन, हजेरी तितंच घ्या." सुकराम लाजून हसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरंच गेलो. झाडाखाली हजेरी घेतली. सगळ्यांत कमी फुलं माझ्या टोपलीत निघाली आणि त्यावरून कौतिका मला वर्षभर चिडवत राहिली.

अपघात झाला तो बाजाराचा दिवस होता. आमच्या गावाहून देवरीला काळी-पिवळी जीप चालायची. नऊ माणसांच्या जीपमध्ये पंधरा-सोळा जण बसत, हे आम्हा सगळ्यांना नेहमीचंच होतं. मी ड्रायव्हरशेजारी बसायचो. जीपच्या मालकाने ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की गुरुजींची जागा समोर आणि गुरुजींकडून भाडं घ्यायचं नाही. हा मान आहे असं मी समजत होतो. नेहमीचा ड्रायव्हर भाऊलाल त्या दिवशी आला नव्हता. गाडी मालकाचा भाचा पिंटू चालवत होता. त्याच्याकडे लायसन नाही हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. तरी आम्ही बसलो. सुकराम मागे, फळीवर एक पाय टेकवून उभा होता. नाल्याजवळच्या वळणावर गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि आडवी झाली. माझं कोपर सोललं. पिंटूला खरचटलंसुद्धा नाही. सुकराम जागेवरच गेला.

देवरीच्या दवाखान्यात आतमध्ये शवविच्छेदन चाललं होतं. बाहेर झाडाखाली कौतिका बसली होती. रडत नव्हती, नुसती जमिनीकडे पाहत होती. मालक गोंदियाहून आला, माझ्या कोपराची पट्टी पाहिली आणि मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "गुरुजी, आप तो समझदार आदमी हो. लायसन नाही असं कागदात आलं, तर बीमा कंपनी या बाईला एक पैसा देणार नाही. फिर बेचारी कहाँ जाएगी? भाऊलालकडे लायसन आहे. तो तयार आहे. फिर्याद बाईच्या नावाने द्या, लिहून तुम्ही द्या."

मला ते पटलं. ते मला पटवून घ्यायचंच होतं, असं आज वाटतं. बिनभाड्याच्या समोरच्या जागेचं माझ्यावर ओझं होतं. पिंटूही कधी काळी माझ्याच शाळेत होता. पण त्या वेळी मी स्वतःला एवढंच सांगितलं, की हे कौतिकेच्या भल्यासाठी आहे. ठाण्यात बसून मी फिर्याद लिहिली. जमादार म्हणाला, "वा गुरुजी, काय अक्षर आहे!" गाडी भाऊलाल चालवत होता, असं मी त्या अक्षरात लिहिलं आणि कौतिकेला वाचून दाखवलं. तिने धड ऐकलंही नसेल. "तुमी लिवलं तं बरोबरच असन जी," म्हणाली आणि अंगठा दिला. त्या कागदावर अक्षर माझं आहे आणि अंगठा तिचा. माझं नाव खाली कुठेतरी साक्षीदारांच्या यादीत.

आठवड्याने ती शाळेत आली. वर्गाबाहेर उभी राहून म्हणाली, "पिंटू चालवून राहिला होता म्हनतात सारे. मंग कागदात भाऊलाल काऊन?" मी तिला मालकाचं म्हणणं समजावलं. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माहा मानूस तं मेलाच. आता खोटं कायले?" मी म्हणालो, "तुझ्या पोरीसाठी." ती गेली. त्यानंतर तिने तो विषय माझ्याजवळ काढला नाही.

गोंदियाच्या कोर्टात भरपाईचा दावा लागला. दर तारखेला आम्ही दोघं एसटीने जायचो. बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत यायचो. तिसऱ्या वर्षी तिची साक्ष झाली. कंपनीच्या वकिलाने शांतपणे एक कागद पुढे केला. अपघाताच्या दिवशी भाऊलाल मलेरियाने सरकारी दवाखान्यात भरती होता, सलाईन लावलेली होती, नोंदवहीत वेळ होती. वकिलाने विचारलं, "बाई, तुम्ही गाडीत नव्हता. मग भाऊलालचं नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी मागच्या बाकावर होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. पिंजऱ्याचा कठडा तिने दोन्ही हातांनी धरला होता. मग म्हणाली, "कोनी नाई सांगतलं. मीच सांगतलं."

तिच्यानंतर माझी साक्ष होती. उठून उभं राहायचं, आणि साहेब, ते मी लिहिलं, एवढंच म्हणायचं होतं. मी उठलो आणि चहा घेऊन येतो असं शेजारच्याला सांगून बाहेर पडलो. बाहेर माझ्या नावाचा पुकारा ऐकू आला. एकदा... दोनदा... तिसऱ्या वेळी मी फाटकाबाहेर होतो. बस मिळाली, बसलो. ती संध्याकाळी एकटीच परत आली.

दावा फेटाळला गेला. अर्जदार बाईने खोटं नाव दिल्याचं स्वतः कबूल केलं आहे, त्यामुळे अपघाताची हकिकतच संशयास्पद वाटते, असं निकालात लिहिलं गेलं. गावाने आपला वेगळा निकाल लावला. मेलेल्या नवऱ्यावर पैसे कमवायला निघाली होती, असं लोक म्हणू लागले. बोअरिंगवर बाया विचारायच्या, "कौतिका, आज कोनता डायवर जी?" ती घागर उचलत म्हणायची, "उद्या तुह्या बापाले बसवीन." बाया हसायच्या, ती पण हसायची. पण गावच्या कार्यक्रमांत ती मागे बसू लागली, आणि कुणाच्या घरच्या तंट्यात चार शब्द सांगायला तिला बोलावणं बंद झालं. पैशाचं दुःख तिने केलेलं मला आठवत नाही. "खोटारडी" या शब्दाचं केलं. मी त्याच गावात होतो. माझ्या समोर कोणी तसं बोललं की मी विषय बदलायचो.

पुढे सरिता शिकली, धडपडी निघाली. तिने गोंदियाची एक तरुण वकील बाई गाठली आणि नागपूरला हायकोर्टात अपील केलं. अपिलात निकाल रद्द होऊन प्रकरण पुन्हा चौकशीसाठी गोंदियाला आलं. त्या वकील बाईंकडे मी एकदाच गेलो होतो. त्या फाइल चाळत सहज म्हणाल्या, "कोणी लिहिलं हो हे? खरं लिहिलं असतं तरी चाललं असतं. लायसन नव्हतं हा कंपनी आणि मालकामधला तंटा. अशा वेळी कोर्ट बहुधा कंपनीला आधी कुटुंबाचे पैसे द्यायला लावतं, मग कंपनीने ते मालकाकडून वसूल करावे. मेलेल्याच्या घरच्यांचा हक्क त्याने बुडत नाही." मी पाणी मागितलं. म्हणजे मालकाने बाईला वाचवलं नव्हतं, स्वतःला आणि भाच्याला वाचवलं होतं. आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणालाही न विचारता, एखादा वकील गाठायचंही मनात न आणता, त्याच्यासाठी माझं अक्षर दिलं होतं. वाचणाऱ्यांपैकी कोणावर असा दिवस आला, तर एवढं करा. त्या दिवशी जो माणूस जवळ येऊन तुमच्या भल्याचं सांगेल, त्याचा त्यात काय फायदा आहे ते आधी विचारा. खरं ते लिहा. गुरुजी म्हणतात म्हणून अंगठा देऊ नका.

फेरचौकशी लागल्यावर कौतिका मुर्रीला आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, सुनेला गावाकडचं काहीबाही सांगितलं. जाताना म्हणाली, "गुरुजी, आता एक डाव खरं सांगून द्या जी. पैसे भेटो नाई तं न भेटो. तेवढं एक माह्या नावचं काहाडून टाका." मी म्हणालो, "दिवाळी होऊ दे." खोट्या कागदाबद्दल खटला होईल, पेन्शन जाईल, असं मालकाच्या वकिलाने मला कधीतरी ऐकवलं होतं, तेच मनात धरून बसलो होतो. दिवाळी झाली. होळी झाली. तिने पुन्हा विचारलं नाही...

माती झाल्यानंतर दहाव्या दिवशी मी सरिताला फोन केला आणि गोंदियाला गेलो. वकील बाईंनी प्रतिज्ञापत्र करण्याआधी मला बजावलं, "गुरुजी, हे तुमच्यावर उलटू शकतं." मी म्हणालो, "उलटू द्या." गाडी कोण चालवत होतं, फिर्याद कोणी रचली, नाव कोणी घातलं, हे सगळं मी दिलं. टाइप करणाऱ्याने विचारलं, "मयत अर्जदार बाईंना हे माहीत होतं असं लिहू का?" मी सांगितलं, "तिने मला वाचवलं, असं लिहा." तसं लिहिता येत नाही म्हणाला.

दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात सही-शिक्क्याची वाट पाहत बसलो होतो. सरिताने पिशवीतून एकावर एक ठेवलेले दोन डबे काढले आणि एक माझ्यासमोर ठेवला. भात, लाखोरीची डाळ, आंबाडीची भाजी. मी म्हणालो, "माझ्यासाठी कशाला आणलास?"

"मायची सवय हाय जी," ती म्हणाली. "गुरुजीले हॉटेलचं पचत नाई म्हनायची. तुमी येत होते तई पासून दोन डबे. तुमी येनं बंद केलं तरी हर तारखेले दोनच नेत होती. मी म्हनायची, माय, कायले वजन वागवतेस? तं म्हने, येतीन कोन्या दिवशी, उपाशी राहतीन." तिने स्वतःचा डबा उघडला. "सांजेले एक डबा तसाच भरलेला वापस यायचा. मंग आमी दोघी तो रातच्याला खात होतो."

मी डबा तसाच समोर धरून बसलो. सरिता तिच्या आईसारखीच मान वर न करता म्हणाली, "खा जी. नाई तं आजही वापस न्यावा लागन."

मी खाल्लं. भाताचं शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. मग व्हरांड्याच्या टोकाच्या नळावर जाऊन मी तो डबा घासून धुतला. आतून माझ्या नावाचा पुकारा झाला. पहिल्याच पुकाऱ्याला, ओल्या हाताने, मी आत गेलो.