आठच्या ठोक्याला कात्री

मामीने धावत्या बसमध्ये कंडक्टरच्या गळ्याला कात्री लावली, असं आमच्या गल्लीत सगळे सांगतात. इस्त्रीवाला तर कंडक्टरच्या किंकाळीची नक्कलही करून दाखवतो, आणि तीही भिकार. त्या बसमध्ये मी होते, तो नव्हता. कात्री निघाली हे खरं. पण ती कंडक्टरसाठी नव्हती, मामाच्या शर्टासाठी होती.

मामी कपडे आल्टर करते, म्हणजे दुसऱ्याने बिघडवलेलं नीट करते. त्यामुळे सकाळपासून ती कुणावर तरी चिडलेलीच असते. ओठांत टाचण्या धरून अख्ख्या दुनियेचा उद्धार करते आणि एक टाचणी खाली पडत नाही. मामा बरोबर उलटा. तीस वर्षं चपला-बुटांच्या दुकानात विक्रेता. तिथे गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायची बंदी. सहा नंबर संपला असेल तर “दुसरा दाखवतो” म्हणायचं. ती सवय दुकानातून घरी आली. शेजाऱ्याने शिंकून हात पुढे केला तरी मामा तो हातात घेतो.

आणि नेमकं हेच मामाला परवडणारं नाही. दीड वर्षापूर्वी त्याला माझ्या मावशीची, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीची किडनी बसवली. शरीराने ती परकी म्हणून हाकलू नये यासाठी सकाळी आठ आणि रात्री आठ, ठोक्याला गोळ्या. त्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी होते. आपली साधी सर्दी मामाला दवाखान्यात पोचवू शकते. डॉक्टरांनी पहिल्यांदा प्रवासाला होकार दिला, तेव्हा मामा म्हणाला, ताईला भेटून येऊ. सहा तासांची बस.

आदल्या दुपारी मामी त्याच्या शर्टाच्या खालच्या दुमडीत काहीतरी शिवत होती. विचारलं तर म्हणाली, तुझ्या मामाचा भरवसा नाही म्हणून. मी म्हटलं, मामा जन्मात कुणाला नाही म्हणायचा नाही. मामीने टाचण्या तोंडातून काढल्या.

“या प्रवासात म्हणेल. लाव पैज.”

जिंकले तर माझ्या सगळ्या पँटी फुकट आल्टर. हरले तर मी सगळ्यांना करून दाखवते ती तिच्या चिडण्याची नक्कल वर्षभर बंद.

सकाळी सहाला स्टँडवर मामी सीलबंद पाणी आणायला गेली. मामा औषधांची बॅग घेऊन उभा. कंडक्टर आला, म्हणाला, काका, बॅग डिकीत. मामाने दिली. वर “सांभाळून हं” असं अगदी हळू म्हणाला, त्याला त्रास नको म्हणून. पावणेआठला मामीने हात पुढे केला.

“बॅग?”

“डिकीत आहे. त्यांनी मागितली.”

“उद्या किडनी मागितली तर?”

मामा खरंच विचारात पडला.

मामी उठली. कंडक्टर म्हणाला, नऊला थांबा आहे, तेव्हा काढू, एका तासाने काय आभाळ कोसळतंय? पुढच्या सीटवरचा एक जाडजूड माणूस हसला. मला त्याचं डोकं खिडकीवर आपटावंसं वाटलं. मामीने घड्याळ बघितलं आणि पर्समधून कात्री काढली. कंडक्टर दोन पावलं मागे सरला. झाला तो हल्ला एवढाच. मामीने खाली वाकून मामाच्या शर्टाची दुमड उसवली. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा होता, बरोबर एका वेळेपुरता. आठच्या ठोक्याला गोळ्या मामाच्या पोटात.

मग ती वळली. कात्री हातातच राहिली होती, हे तिच्या लक्षात नव्हतं.

“आता तुझ्या तासाचं बोलू. दोन दिवसांसाठी आठ दिवसांची औषधं घेतलीत मी, कुठे अडकलो तर असावीत म्हणून. ती तुझ्या इंजिनाशेजारी शिजतायत. माझ्या नणंदेने पोट फाडून दिलंय याला. ते तुझ्या डिकीत वाया घालवू?”

बस ड्रायव्हरनेच थांबवली. बॅग वर आली. मामाने कंडक्टरचे आभार मानले, तुम्हाला उगाच त्रास, असंही म्हणाला. मामी खदखदत त्याच्याकडे बघत राहिली.

“मी नसले तर तुमच्यासाठी कोण भांडणार आहे?” एवढंच म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसली. मामा उसवलेल्या शर्टाची कड बोटांनी चाचपत बसला.

मावशीकडचे दोन दिवस बरे गेले. परतीच्या बसला मामा आधी चढला, मास्क लावून, बॅग छातीशी धरून. मागून मामी. पायरीवर तिला शिंक आली. मग दुसरी. धूळ आहे, म्हणाली आणि त्याच्या शेजारी टेकायला गेली.

मी मनात म्हणत होते, म्हण मामा, दुसरी सीट दाखवतो म्हण.

“नाही,” मामा म्हणाला. “तू मागे बस. आणि मास्क लाव.”

“मी? अहो, दीड वर्ष मी तुमच्या—” तिसरी शिंक.

मामाने बॅग शेजारच्या सीटवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मामी लालबुंद होऊन माझ्या शेजारी येऊन आदळली. मास्क चढवला. “वर्षभर,” मला म्हणाली. आणि मग सहा तास त्या मास्कच्या आतून तिने मामाचा असा काही उद्धार केला, एकाहून एक सरस टोमणे, आणि मला त्यातला एक शब्दही नक्कल म्हणून वर्षभर तोंडातून काढता येणार नव्हता.