चौकटीत न मावलेली मंजिरी

आमच्या मंजिरीचं स्थळ मी जवळजवळ मोडलं होतं, तेही घरबसल्या आणि अत्यंत चांगल्या हेतूने.

मंजिरी माझी नणंद. सासरे निवृत्त झाले, दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि आम्ही सगळे गाझियाबादच्या एका नव्याकोऱ्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहायला आलो. टॉवरचं नाव इंग्रजी होतं, लिफ्ट मनात आलं तर चालायची आणि खाली सरसोंची, म्हणजे मोहरीची, शेतं होती. हिवाळ्यात सकाळी धुकं असं वर चढायचं की शेतं, रस्ता, समोरची अर्धवट बांधकामं सगळं नाहीसं व्हायचं आणि आमचा फ्लॅट एकटाच ढगात उरायचा. मी खिडकीशी कॉम्प्युटर मांडून त्या ढगात बघत बसायची. वेबपेज बनवायचा क्लास नुकताच केला होता. (शेवटचे काही धडे धुक्यामुळे बुडले. नेमके तेच कामाचे होते.)

अनिकेतचं स्थळ आलं ते याच दिवसांत. मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. मंडळाच्या गणपतीत तो आरती सगळ्यांपेक्षा मोठ्याने आणि सगळ्यांपेक्षा बेसूर म्हणत होता, तेव्हापासून मंजिरीच्या मनात भरला होता. त्याची आई नाशिकहून त्याच्याकडे आली होती. "फोटो आणि माहिती मेल करा," असा निरोप आला.

"मेल कशाला? मी पान बनवते," मी म्हटलं.

"वहिनी, साधा फोटो पाठव ना यार," मंजिरी म्हणाली. "गडबड नको. मला तो खरंच आवडलाय गं."

पण साधा फोटो सगळेच पाठवतात. मला दिसत होतं ते वेगळंच. धुक्यातून हळूहळू वर येणारा मंजिरीचा चेहरा आणि त्यावर तरंगणारी अक्षरं. त्या तंद्रीत मी दोनदा दूध उतू घालवलं. शेवटी अक्षरांच्या चौकटीमागे पार्श्वभूमी म्हणून तिचा फोटो लावला आणि सगळ्यांना हाक मारली. मंजिरी तेवढी ऑफिसात होती.

पडद्यावर कपाळ होतं. टिकलीच्या वरचं.

"बाकीची कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

मी खटपट केली तेव्हा उलगडा झाला. मागे फोटो केवढाही लावा, चौकट अक्षरांपुरतीच उंच होते. आणि मंजिरीने स्वतःबद्दल दिल्या होत्या चार ओळी. नाव, उंची, शिक्षण, नोकरी. चार ओळींत कपाळच मावत होतं.

"म्हणजे अजून लिहिलं तर अजून दिसेल?" माझे यजमान सुधीर पुढे सरकले.

"बिल्कुल."

"मग लिही. स्वयंपाकाची आवड."

लिहिलं. भुवया आल्या. घरात अशी खुशी पसरली, जणू मुलगी पहिल्या नंबराने पास झाली. (मंजिरीला आम्लेटसुद्धा उलटता येत नव्हतं.) 'पुरणपोळी उत्तम' म्हटल्यावर डोळे उघडले. नाक जरा लांब निघालं, ते रांगोळी, भरतकाम आणि हार्मोनियम घेऊन बसलं. सासऱ्यांनी पेपरमधून मान वर करून 'शिस्तप्रिय' दिलं. मिशीची जागा आली.

"ओठ अर्धे नको हो, बरं नाही दिसत," सासूबाई आता माझ्या खुर्चीवरच ओणव्या झाल्या होत्या. "लिही, तीस माणसांचा स्वयंपाक एकहाती करते."

"आई, खोटं होईल," मी म्हटलं.

"मग काय पोरीला बिनओठांची पाठवतेस?"

लिहिलं. हनुवटीसाठी कोणालाच काही सुचेना. सुधीरने 'घोडेस्वारी' म्हटलं आणि मंजिरी पूर्ण झाली. बाहेर धुकं, आत हा चेहरा, त्यावर तरंगणारे गुण. इतकं सुंदर दिसत होतं की माझे डोळे भरून आले. पानाचा पत्ता त्याच क्षणी अनिकेतला गेला. मंजिरीने ते पान पाहिलं नाही, कारण संध्याकाळी ती आली तेव्हा लाइट गेलेली होती आणि मग ते राहूनच गेलं.

रविवारी अनिकेत आणि त्याची आई आले. पोहे मी केले, पुढे केले मंजिरीने. त्याच्या आईने एक घास घेतला आणि घरभर नजर फिरवली.

"हार्मोनियम दिसत नाही कुठे?"

"कोणाची?" मंजिरीने विचारलं.

"तुझीच. आणि सातव्या मजल्यावर राहून घोडा कुठे ठेवतेस गं?"

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. मग ती रडायलाच लागली. "काकू, काय लिहिलंय मला माहीत नाही. पण मला यातलं काहीच येत नाही. सॉरी."

पोरीचं आवडतं स्थळ माझ्या हातून जात होतं. मी उठले आणि सगळं सांगून टाकलं. चौकट, उंची, नाकाला भरतकाम का लागलं, घोडेस्वारीमुळे हनुवटी कशी वाचली. फार वेळ बोलले. (मध्ये सुधीर पायाने माझा पाय दाबत होता. मला वाटलं, प्रोत्साहन देतोय.)

"पण चेहरा दिसलाच नाही," अनिकेत हळूच म्हणाला. "ऑफिसचा मॉनिटर खूप रुंद आहे. ओळी लांब पसरल्या आणि थोड्याच झाल्या, आणि रुंदी भरायला फोटो पुन्हा पुन्हा लागला. एकाशेजारी एक, फक्त तीन कपाळं होती."

मंजिरीला रडता रडता हसू फुटलं. ते बघून अनिकेतही हसला, आणि मग दोघं थांबेचनात.

त्याची आई मात्र गंभीर होती. "मी म्हटलं, गुण एवढे आणि चेहरा झाकलेला, म्हणजे घरात काहीतरी दोष असणार. म्हणून मुद्दाम बघायला आले."

सासूबाईंनी पदर सावरला. "मग, सापडला का काही?"

"सापडला," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "पण लग्नानंतर तो तुमच्याकडेच राहणार ना?"