बुरजावरचा उखाणा

माझ्या सासूबाई, माणिकबाई, बडनेऱ्याच्या बाजारात भाजी विकतात. त्यांनी एकदा वांग्यांची आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हाळी दिली की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक पिशवी घेऊन धावतं. पण नवऱ्याचं नाव? छे! सदा 'अवो' आणि 'आरतीचे मामाजी'. आरती म्हणजे मी, आणि आमच्याकडं सासऱ्यांना मामाजी म्हणतात. रेशनच्या दुकानातही नाव मीच सांगायचं. मला याचा भारी राग यायचा.

परवा अकोल्याला भाचीचं लग्न होतं. जेवणं उरकली, गाडीला वेळ होता, तशी सासूबाईंनी टूम काढली, किल्ल्यावरची बाग पाहायची आणि तिथं जोडीनं फोटो काढायचा. घरात दोघांचा एकही फोटो नाही. माझे सासरे खुशालराव फोटो म्हटला की पसार होतात. चालतानाही बायकोच्या शेताचा एक बांध पुढेच. "बायकोसंगं काय चालाचं, लोक हासतीन," हे त्यांचं ठरलेलं.

"आज नाही सोडत मी," म्हणत सासूबाई ठसक्यात किल्ला चढल्या.

वर जुन्या तटाच्या आत हिरवळ, झेंडूचे वाफे आणि बाकाबाकांवर कॉलेजातल्या जोड्या. सासूबाई तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या, त्यांचं पाहून मीही. "अवो, पाहा ना, कसे चिपकून बसून राहिले!" म्हणत वळतात तर मामाजी गायब. मोबाईलही मांडवात चार्जिंगला विसरलेले.

आम्ही सगळी बाग पालथी घातली. सासूबाईंनी "अवो!" अशी हाक मारली, तर बागेतले असतील नसतील तेवढे म्हातारे वळले. आमचा सोडून. ऊन कलायला लागलं. चौकीदार शिटी वाजवत आला, बाग बंद व्हायची वेळ झाली होती. "नाव सांगा मावशी, मी हाक मारतो."

सासूबाई लालबुंद. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हात दाबला. "थांब. माह्या मानसाले मीच बोलावतो."

त्या तरातरा बुरजाच्या पायऱ्या चढल्या, कमरेवर हात ठेवला आणि बाजारातला तो आवाज लावला:

"किल्ल्याच्या बुरजावर झेंडूच्या रांगा,
खुशालराव कुठं गेले, कोनी तरी सांगा!"

सगळी बाग उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या, एका पोरीनं तर उड्याच मारल्या. माझं हसू आवरेना.

"अठीच आहो ना बाप्पा!" पार तिकडच्या वाफ्यातून आवाज आला. मामाजी माळ्यासोबत उकिडवे बसून शेणखताच्या गोष्टी करत होते. मातीच्या हातांनी धावत बुरजावर आले.

"कावून बोंबलून राहिली?"

"तुमी कावून पयून राहिले?"

खालून पोरं ओरडली, "आजोबा, फोटो! फोटो!" मला वाटलं, आता हे पुन्हा पळणार. पण मामाजी सासूबाईंकडे पाहतच राहिले. आपलं नाव त्यांनी बायकोच्या तोंडून स्वतःच्या लग्नाच्या मांडवानंतर आजच ऐकलं होतं. ते सरकून अगदी खेटून उभे राहिले.

"दूर व्हा, लोक हासून राहिले," सासूबाई पुटपुटल्या.

"हासू दे. काढ वं आरती."

मी काढला. हसण्यानं माझा हात इतका हलला की फोटोत दोघांचे चेहरेच ओळखू येईनात. दुसरा काढणार, तोवर चौकीदारानं सगळ्यांना खाली पिटाळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी मात्र मोबाईल डोळ्यांशी धरून कितीतरी वेळ पाहिला.

"हालला तं हालला," त्या म्हणाल्या, "संगं तं आहो ना!"