रोजचं अत्तर

पांढुर्ण्याच्या बाजारात रामाजींच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक अत्तराचं नाव सांगत नसे. ‘रोजचं द्या’ म्हटलं की झालं. अंबर आणि मोगऱ्याचं ते मिश्रण रामाजींनी लग्नाच्या वर्षी शकुबाईंसाठी केलं होतं. लग्नकार्याची अत्तरं वेगळी, नाकात घुसणारी. हे अंगावर असताना भाकरी थापावी, शेजारी जाऊन बसावं, असं ऊबदार. अंघोळ झाली की शकुबाई त्याचा फाया कानात खोचत. पुढे सावरगावपासून मोहगावपर्यंतच्या बायका तेच मागू लागल्या.

पाच वर्षांपूर्वी एका तापात रामाजींचं नाक गेलं. ताप उतरला, पण वास काही परत आला नाही. अत्तरवाल्याला वास येत नाही, हे गावात कोणत्या तोंडानं सांगणार? आठ दिवस मनातल्या मनात कुढून त्यांनी ते फक्त बायकोला सांगितलं.

“मंग माहं नाक कशाले हाये?” शकुबाई म्हणाल्या.

तेव्हापासून दुकानामागच्या खोलीत रामाजी थेंब टाकत आणि शकुबाई हुंगून मोगरा चढला की अंबर कमी पडलं ते सांगत. माप लिहून ठेवण्यात अर्थ नव्हता. दर खेपेचं तेल निराळं, त्यामुळे दर वेळी हुंगूनच ठरवावं लागे. सौसरला दिलेली मुलगी केतकी, तिलासुद्धा या दोघांनी पत्ता लागू दिला नाही.

मागच्या पौषात शकुबाई गेल्या. रोजचं मागणाऱ्यांना रामाजी ‘माल आला नाही’ म्हणून परत पाठवू लागले.

वर्षश्राद्धाला केतकी आली. निघताना म्हणाली, आईचं अत्तर संपलं, एक कुपी भरून द्या. गिऱ्हाइकाला परत पाठवता येतं, पोरीला कसं पाठवणार? हाताच्या सवयीवर भरवसा ठेवून रामाजींनी थेंब टाकले, देवाचं नाव घेतलं आणि फाया तिच्यापुढे धरला.

केतकीनं हुंगला. पुन्हा एकदा हुंगला.

“आईचंच हाये, बाबा,” ती म्हणाली, आणि फाया मुठीत धरून बसली. लहानपणापासून फाया हाती आला की आईसारखा कानात खोचणारी पोर ती. रामाजींना काय समजायचं ते समजलं.

ते उठले. कपाटातल्या लुगड्यांखालून त्यांनी एक अर्धी कुपी काढली. शकुबाईंनी हुंगून ठीक म्हटलेली ती शेवटची. वर्षभर ते ती रोज उघडून नाकाशी धरत आणि पुन्हा लुगड्यांत ठेवत.

“हे ने.”

“अन् तुमाले?”

“मले वास येत नाही, पोरी. पाच वर्सं झाले. तुह्या आईच्या नाकावर दुकान चालून राहिलं होतं.”

केतकीच्या डोळ्यांना धार लागली. तिनं त्या कुपीतल्या अत्तराचा फाया कानात खोचला आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं. ज्या वासासाठी वर्षभर जीव तुटत होता, तो आता नाकापासून चार बोटांवर होता. रामाजींनी ऊर भरून श्वास घेतला. मग आणखी एकदा घेतला.

“येऊन राहिला का, बाबा?”

“नाही,” रामाजी म्हणाले. “तू सांग मले, कसा हाये.”